एकाच पाण्याचे मोजमाप

मृत समुद्राच्या दक्षिण टोकापासून अकाबाच्या आखातापर्यंत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर लांबीची एक सखल, रुक्ष पट्टी पसरलेली आहे. हिब्रू भाषेत तिला 'अरावा' म्हणतात, अरबीत 'वादी अरबा'. पश्चिमेस नेगेवचे पठार, पूर्वेस एदोमचे तांबूस डोंगर आणि मध्ये रेती, खडे व बाभळीची तुरळक झाडे, असे तिचे रूप आहे. दक्षिण भागात वर्षाकाठी पडणारा पाऊस जेमतेम २५ ते ३० मिलीमीटर. आपल्याकडे कोकणात भर पावसाळ्यातील एखाद्या दुपारी याहून अधिक पाणी पडून जाते. या पट्टीच्या मधोमध इस्रायल आणि जॉर्डन यांची सरहद्द जाते. १९९४ च्या ऑक्टोबर महिन्यात या दोन देशांचा शांतता करार याच वाळवंटात, सरहद्दीच्या नाक्यावर, साक्षांकित झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, तेथून उत्तरेस सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या केतुरा नावाच्या किबुत्झमध्ये पर्यावरणाचे संशोधन आणि अध्यापन करणारी एक छोटी संस्था उभी राहिली. अरावा पर्यावरण अभ्यास संस्था हे तिचे नाव.

वाळवंटाचा अभ्यास करणाऱ्या संस्था जगात अनेक आहेत. या संस्थेचे वेगळेपण तिच्या विद्यार्थ्यांत आहे. इस्रायलमधील ज्यू व अरब, पश्चिम किनाऱ्यावरील पॅलेस्टिनी, जॉर्डनचे नागरिक आणि अमेरिका-युरोपादी देशांतून आलेले तरुण येथे एकाच वसतिगृहात राहतात, किबुत्झच्या एकाच भोजनगृहात जेवतात आणि एकाच वर्गात बसून पाणी, वारा, माती व ऊर्जा यांचा अभ्यास करतात. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. कारण एकाची मातृभाषा शिकण्याचे माध्यम ठरली असती, तर दुसऱ्याला पहिल्या दिवसापासूनच पाहुण्याचे स्थान स्वीकारावे लागले असते. बेरशेबा येथील बेन गुरियन विद्यापीठाशी संस्था शैक्षणिक दृष्ट्या संलग्न आहे. २०२१ पासून तिच्या कार्यकारी प्रमुखपदी तारिक अबू हमद हे पूर्व जेरुसलेमचे पॅलेस्टिनी शास्त्रज्ञ आहेत.

ज्या भूमीत दोन लोकसमूहांमधील वैर तीन पिढ्यांहून जुने आहे, तेथे अशी संस्था नेमके काय साधते, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर संस्थेच्या उद्दिष्टपत्रिकेत शोधण्यापेक्षा तिच्या एखाद्या धावपळीच्या आठवड्याच्या कामकाजात शोधणे अधिक योग्य ठरेल.

आठवड्याची सुरुवात

इस्रायलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो. परंतु या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा अभ्यास सत्राच्या कितीतरी आधी, सरहद्दीच्या नाक्यावर वा परवान्याच्या खिडकीवर सुरू झालेला असतो. जॉर्डनच्या विद्यार्थ्याला प्रवेशपत्र हवे, पश्चिम किनाऱ्यावरील पॅलेस्टिनी विद्यार्थ्याला इस्रायली लष्करी प्रशासनाचा परवाना हवा. तेल अवीवहून येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र केवळ बसचे तिकीट पुरते. जलनीतीच्या तासाला सारे एका बाकावर बसत असले, तरी त्या बाकापर्यंतचा रस्ता सर्वांना सारखा नव्हता, ही जाणीव वर्गात प्रथमपासूनच असते.

वर्गातील विषय वरवर पाहता शुष्क असतात. पश्चिम किनाऱ्याच्या डोंगरांवर पडणारा पाऊस चुनखडीच्या थरांतून झिरपतो; त्याचा मोठा भाग जमिनीखालून पश्चिमेकडे, म्हणजे इस्रायलच्या बाजूस वाहतो. पाऊस एकाच्या माथ्यावर आणि विहीर दुसऱ्याच्या अंगणात, अशी ही रचना आहे. १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने हे पाणी वाटून दिले व देखरेखीसाठी संयुक्त जल समिती नेमली. ती व्यवस्था पाच वर्षांच्या अंतरिम काळापुरती होती. आज तीन दशके होत आली, तरी पॅलेस्टिनी विहिरींचे व नळयोजनांचे भवितव्य त्याच अंतरिम कलमांशी बांधलेले आहे. दरम्यान इस्रायलने समुद्राचे पाणी गोडे करण्याचे मोठे कारखाने उभारले आणि सांडपाण्याच्या चार-पंचमांशाहून अधिक भागाचा शेतीसाठी पुनर्वापर सुरू केला. जॉर्डनमध्ये मात्र दरडोई नूतनीकरणक्षम पाणी वर्षाला शंभर घनमीटरांहूनही कमी आहे. पाचशे घनमीटरांखाली तीव्र टंचाई मानली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या देशाची अवस्था कळून येते.

हे आकडे कोणत्याही अहवालात सापडतील. परंतु अहवाल एकट्याने वाचणे आणि ज्याच्या घरी उन्हाळ्यात नळाला आठवडेच्या आठवडे पाणी येत नाही अशा सहाध्यायाच्या शेजारी बसून तो वाचणे, यांत फार अंतर आहे. येथे आकडा उच्चारणाऱ्याला त्या आकड्याचे उत्तर समोरच द्यावे लागते.

नाल्याचा प्रवास

क्षेत्रभेटी हा येथील अध्यापनाचा अविभाज्य भाग आहे. संस्थेच्या सरहद्दपार जलव्यवस्थापन केंद्राने ज्या प्रवाहांचा दीर्घकाळ अभ्यास केला, त्यांत हेब्रॉनच्या नाल्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. हेब्रॉन, म्हणजे अरबांचे अल खलील, हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे शहर. तेथील सांडपाणी आणि दगड कापणाऱ्या कारखान्यांतील पांढरा गाळ घेऊन हा प्रवाह दक्षिणेकडे निघतो, १९४९ ची युद्धविराम रेषा ओलांडून इस्रायलमध्ये शिरतो, बेरशेबा शहराजवळून जातो, पुढे बेसोरच्या प्रवाहाला मिळतो आणि अखेर गाझा पट्टीतून भूमध्य समुद्राला जाऊन मिळतो.

एकाच घाणीने तीन प्रदेशांना जोडले आहे. हेब्रॉनमध्ये सांडपाणी प्रक्रियेची पुरेशी सोय वर्षानुवर्षे होऊ शकली नाही. इस्रायलने आपल्या हद्दीत हे पाणी अडवून त्यावर प्रक्रिया सुरू केली आणि तिचा खर्च पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या करांच्या रकमेतून वळता करून घेण्यास सुरुवात केली. पॅलेस्टिनींचे म्हणणे असे की, प्रकल्प उभारण्यातील अडथळे दूर करावयाचे नाहीत आणि दंड मात्र वसूल करावयाचा, हा न्याय नव्हे. इस्रायलींचे म्हणणे असे की, घाण आमच्या दारात येते तेव्हा आम्ही हात बांधून बसावे काय? दोन्ही पक्षांची निवेदने तयार असतात. नाल्यातून मात्र तोवर पाणी वाहतच असते.

बेरशेबा हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. रायगड जिल्ह्यातील अष्टागरातून आणि मुंबईतून गेलेल्या बेने इस्रायली समाजातील अनेक कुटुंबे या शहरात व शेजारच्या दिमोना येथे स्थायिक झाली, आणि त्यांच्यातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी मराठी अजूनही ऐकू येते. हेब्रॉनच्या नाल्याचा उपद्रव ज्या नागरिकांना पोहोचतो, त्यांत कोकणच्या मातीतून गेलेली ही माणसेही आहेत.

संशोधकांची पद्धत साधी आहे. प्रवाहावर ठिकठिकाणी नमुने घ्यावयाचे, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच रीतीने घ्यावयाचे, आणि निष्कर्ष दोघांनी मिळून मांडावयाचे. राजकारणात ज्याला 'तुमची घाण' आणि 'आमचे पाणी' म्हटले जाते, त्याची येथे जंतू, नायट्रोजन व गाळ यांच्या प्रमाणात नोंद होते. या नोंदीने कोणाचे दुःख कमी होत नाही, हे खरे. पण भांडण कशाबद्दल आहे, हे तरी निश्चित होते. एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास नसलेल्या दोन पक्षांत वाटाघाट होऊच शकत नाही; जे होते ते केवळ आरोपांचे आदानप्रदान. दोघांनी मिळून घेतलेले मोजमाप हे कोणत्याही कराराचे पहिले भांडवल होय. ते भांडवल साठविणे, हेच या संस्थेचे खरे काम आहे.

त्याची गरज अधूनमधून अपघातही पटवून देतात. २०१४ च्या डिसेंबरात केतुराच्या दक्षिणेस एव्रोना येथील राखीव नैसर्गिक क्षेत्राजवळ तेलाची वाहिनी फुटली आणि लक्षावधी लिटर अशुद्ध तेल बाभळींच्या मुळांशी पसरले. तेल इस्रायलच्या भूमीवर राहिले. त्याची वाफ मात्र वाऱ्याबरोबर सरहद्दीपलीकडे गेली आणि अकाबात अनेकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात जावे लागले. वाऱ्याने कोणाचाही परवाना मागितला नव्हता.

बी आणि खजूर

आठवड्यातील सर्वच कामे इतकी उदास नसतात. किबुत्झच्या परिसरात खजुराच्या बागा आहेत. वसंत ऋतूत नरझाडाचा पराग मादीझाडाच्या मोहोरावर माणसाने स्वतः नेऊन घालावा लागतो, तेव्हा कोठे शरदात फळ हाती येते. या परिसरातील एका झाडाची कथा जगभर गेली आहे. मृत समुद्राकाठच्या मसादा या प्राचीन गडावर १९६० च्या दशकात झालेल्या उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया सापडल्या. त्या अनेक वर्षे पडून होत्या. डॉ. सारा सॅलन यांनी पुढाकार घेऊन त्या मिळविल्या आणि २००५ मध्ये डॉ. इलेन सोलोवे यांनी केतुरा येथे त्या पेरल्या. त्यांतील एक उगवली. बायबलमधील दीर्घायुषी पुरुषाच्या नावावरून त्या रोपाचे नाव 'मेथुसेलाह' ठेवण्यात आले.

पण ते झाड नर निघाले. एकट्या नराला फळ कोठून येणार? पुढे यहुदियाच्या वाळवंटातील अन्य प्राचीन स्थळांच्या बियांपासून आणखी रोपे तयार झाली, आणि त्यांत मादीझाडेही निघाली. त्यांपैकी 'हॅना' नावाच्या झाडाची बी पश्चिम किनाऱ्यावरील जेरिकोजवळच्या गुहांतून मिळालेली होती. मसाद्याच्या नराचा पराग जेरिकोच्या मादीला दिला गेला आणि २०२० मध्ये हॅनापासून १११ खजुरांचे पहिले पीक हाती आले. दोन हजार वर्षे सुप्त राहिलेला जीव योग्य हातांत पडताच जागा झाला, ही घटना आशादायक खरीच. पण तिच्यामागे पंधरा वर्षांची राखण होती, हेही विसरता येत नाही.

या परिसरात नव्या तंत्रालाही स्थान आहे. केतुरा येथे २०११ मध्ये सुमारे पाच मेगावॉट क्षमतेचा, इस्रायलमधील पहिला व्यापारी सौर वीजप्रकल्प सुरू झाला. वीजवाहिनी न पोहोचलेल्या वस्त्यांसाठी संस्थेने मातीची घरे, जैववायूची संयंत्रे व सौरपंप यांचे एक नमुना-गाव उभारले आहे. नेगेवमधील अनेक बदाऊनी वस्त्यांना सरकारची मान्यता नाही. त्यामुळे तेथे वीज नाही, नळ नाही. विद्यार्थी जे यंत्र येथे हाताळतात, त्याची गरज काही कोसांवरच्या माणसाला आहे, आणि ती गरज निसर्गापेक्षा राजनीतीने अधिक निर्माण केलेली आहे.

तीन दिवस

दर आठवड्याला येथे एक परिसंवाद भरतो. त्यात पर्यावरण नसते. त्यात इतिहास, धर्म, युद्ध, घरे, कैद, भय यांविषयी बोलावयाचे असते. अभ्यासक्रमाचा तो आवश्यक भाग आहे. पाण्याच्या आकड्यांवर एकमत होणाऱ्या वर्गाचे येथे क्वचितच एकमत होते.

या परिसंवादाची कसोटी कोणत्या आठवड्यात लागते, हे पाहावयाचे असेल तर २०२४ च्या मे महिन्याचे पंचांग उघडावे. १३ मे रोजी इस्रायलमध्ये युद्धात व हल्ल्यांत मरण पावलेल्यांचा स्मृतिदिन होता. त्या दिवशी सकाळी देशभर भोंगा वाजतो आणि रस्त्यावरची वाहनेही दोन मिनिटे थांबतात. १४ मे रोजी स्वातंत्र्यदिन होता. आणि १५ मे हा पॅलेस्टिनींचा 'नक्बा' दिन, म्हणजे १९४८ च्या महासंकटाचे स्मरण. तेव्हा सुमारे सात लक्ष माणसे घरादाराला मुकली, आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आजही त्या घरांच्या किल्ल्या हाती घेऊन चालतात. एकाचा शोक, एकाचा उत्सव, दुसऱ्याचा शोक असे लागोपाठचे तीन दिवस. आणि त्या वर्षी हे दिवस आले ते कोणत्या पार्श्वभूमीवर? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमधील सुमारे बाराशे माणसे मारली गेली होती व सुमारे अडीचशे ओलीस नेली गेली होती; आणि त्यानंतरच्या युद्धात गाझातील मृतांची संख्या तेथील आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार त्या मे महिन्यापर्यंत पस्तीस हजारांवर गेली होती.

भिन्न राष्ट्रांच्या तरुणांना एका छताखाली ठेवणाऱ्या संस्थेला अशा आठवड्यात काय सांगता येते? 'निसर्ग सीमा जाणत नाही' हे तिचे आवडते वचन. पण माणूस सीमा जाणतो, आणि सीमेपायी मरतोही. ज्याचा मित्र सैन्यात गेला आहे आणि ज्याचे नातेवाईक तंबूत राहत आहेत, अशा दोघांना सांत्वनाचे एकच वाक्य पुरत नाही. अशा वेळी एकमेकांचे ऐकून घेणे, खोलीतून उठून न जाणे आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पुन्हा शेजारी उभे राहणे, एवढेच शिस्तीच्या कक्षेत येते. ते थोडे वाटेल. ज्यांनी ते कधी केले नाही, त्यांनाच ते थोडे वाटेल.

दोन्हीकडचे आक्षेप

या प्रयत्नावर दोन्ही बाजूंनी टीका होते आणि ती दुर्लक्षण्याजोगी नाही. अनेक पॅलेस्टिनी व जॉर्डनी विचारवंतांचे म्हणणे असे की, मूळ अन्याय कायम असताना असे सहशिक्षण त्या अन्यायाला नित्याचे रूप देते. सत्तेची विषमता झाकली जाते आणि जगाला मैत्रीची सुंदर छायाचित्रे दाखविली जातात. येथे येणाऱ्या अरब विद्यार्थ्याला त्यामुळे कित्येकदा घरी व गावी जाब द्यावा लागतो. उलट इस्रायलमधील कडव्या राष्ट्रवाद्यांना ही संस्था भाबडी वाटते. बाँब पडत असताना नाल्यातील नायट्रोजन मोजण्यात काय अर्थ, असे ते विचारतात.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. परवान्याची खिडकी एका बाजूलाच आहे, ही विषमता कोणत्याही परिसंवादाने पुसली जात नाही. तशी ती पुसली गेल्याचा दावा संस्थेने केला, तर तो खोटा ठरेल. परंतु त्यावरून एकत्र मोजणेच थांबवावे, असे निष्पन्न होत नाही. ज्याची बाजू दुर्बल आहे, त्याला तर विश्वसनीय, दोघांनी मान्य केलेल्या आकड्यांची अधिक गरज असते. कारण त्याच्यापाशी दुसरे शस्त्र नसते. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर गाझाच देते. २०२३ च्या युद्धापूर्वीच तेथील भूगर्भातील सुमारे ९७ टक्के पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाच्या यंत्रणांनी सांगितले होते. अतिउपशाने समुद्राचे खारे पाणी आत शिरले, आणि प्रक्रियेविना सोडलेले सांडपाणी समुद्रात व जमिनीत गेले. समुद्राचे प्रवाह किनाऱ्याने उत्तरेकडे वाहतात आणि त्याच किनाऱ्यावर इस्रायलचे पाणी गोडे करण्याचे कारखाने उभे आहेत. शेजाऱ्याची तहान व शेजाऱ्याची घाण कुंपणाने अडत नाही, हे भाबडेपणाचे वाक्य नसून अभियांत्रिकीचे आहे.

मोठे करार आणि लहान काम

गेल्या काही वर्षांत या प्रदेशात भव्य योजनांची कमतरता नव्हती. तांबड्या समुद्राचे पाणी मृत समुद्राकडे नेण्याची योजना २०१३ मध्ये कागदावर आली आणि २०२१ मध्ये जॉर्डनने ती सोडून दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीच्या मध्यस्थीने नवी योजना जाहीर झाली. जॉर्डनने आपल्या वाळवंटातून ६०० मेगावॉट सौर वीज द्यावयाची आणि इस्रायलने २० कोटी घनमीटर गोडे केलेले पाणी द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. एकाकडे ऊन व जागा, दुसऱ्याकडे समुद्रकिनारा. हिशेब चोख होता. परंतु २०२३ च्या नोव्हेंबरात, गाझातील युद्ध पेटलेले असताना, आपण या करारावर सही करणार नसल्याचे जॉर्डनने जाहीर केले. दरम्यान मृत समुद्राची पातळी दरवर्षी एक मीटरहून अधिक खाली जात आहे, आणि यार्देन नदीचा एके काळचा प्रवाह ओढ्याइतका उरला आहे.

मंत्र्यांच्या सह्यांवर उभे राहिलेले सहकार्य सह्यांबरोबरच कोसळते, हा या घटनाक्रमाचा बोध आहे. ज्यांनी एकत्र नमुने घेतले, एकाच पद्धतीने मोजले, भांडत का होईना एकच तक्ता भरला, अशा माणसांचे नाते अधिक चिवट असते. या संस्थेतून आजवर हजाराहून अधिक विद्यार्थी बाहेर पडले. त्यांतील काही पाणीखात्यांत गेले, काही विद्यापीठांत, काही स्वयंसेवी संस्थांत. या प्रदेशाच्या लोकसंख्येपुढे ही संख्या नगण्य आहे. पण पुन्हा केव्हा तरी वाटाघाटीचे मेज मांडले जाईल, तेव्हा दोन्ही बाजूंना परस्परांची मोजण्याची रीत ठाऊक असलेली थोडीशी माणसे हवीत. ती आयत्या वेळी मिळत नाहीत. ती आधी तयार करून ठेवावी लागतात.

गुरुवारी आठवड्याचे काम संपते. शुक्रवारी दुपारपासून किबुत्झमध्ये शब्बाथची शांतता पसरते. मुसलमान विद्यार्थ्यांचा जुम्माही त्याच दिवशी असतो. एदोमच्या डोंगरावर सायंकाळचा तांबडा रंग चढतो आणि खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना दिवे लागतात. कोणता दिवा कोणत्या देशाचा, हे दुरून ओळखू येत नाही. पण नकाशाला ते ठाऊक असते, नाक्यावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक असते. रविवारी पुन्हा वर्ग भरणार असतो, आणि नमुन्यांच्या बाटल्या भरावयाच्या असतात.